कामासाठी टीमला मुंबईला नेताय? मग 'अख्खी मुंबई' दाखवू नका



आज मशीन, मार्जिन किंवा मार्केटिंगवर बोलणार नाही. आज फिरण्यावर बोलू. हसू नका, या फिरण्यापायी माझे ५० हजार रुपये अडकले होते आणि एक चांगला माणूस दुरावता दुरावता राहिला होता.

तुमचा छोटा व्यवसाय आहे, हाताखाली तीन-चार माणसं आहेत. कधी प्रदर्शनासाठी, कधी मशीन बघायला, कधी माल खरेदीला तुम्ही त्यांना घेऊन मुंबईला जाता. दिवसभराचं काम आटोपतं, आणि तुमच्या मनात येतं की ही माणसं एवढ्या लांब आलीत, त्यांना जरा मुंबई दाखवू. तुमचा हेतू चांगलाच असतो, माझाही होता. घोटाळा कुठे होतो, तेवढंच आज सांगतो.

माझी पहिली ट्रिप

ट्रेनिंग द्यायला लागण्याआधी सांगलीजवळ माझं मसाल्याचं छोटं युनिट होतं. हळद पावडर, मिरची पावडर आणि आमची खरी ओळख म्हणजे कांदा-लसूण चटणी. पॅकिंग हातानंच चालायचं. ऑर्डर वाढल्या तसं ठरवलं, पाउच भरायचं मशीन घ्यायचं. गोरेगावला नेस्कोत पॅकेजिंगचं प्रदर्शन होतं. मी तिघांना सोबत घेतलं. गिरणी आणि मशीन सांभाळणारे, वयानं पन्नाशी ओलांडलेले, ज्यांना सगळं युनिट मामा म्हणायचं ते. पॅकिंगचं बघणारी ताई. आणि गाडी चालवणारा, सेल्सचंही बघणारा एक पोरगा.

रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो. सकाळी दादरला उतरलो, लोकल बदलून गोरेगाव. हॉटेलवर आंघोळ, चहा, आणि दहा वाजता प्रदर्शनात. संध्याकाळी सहापर्यंत आम्ही उभेच. प्रदर्शन फिरणं हे शेतात काम करण्याइतकंच दमवणारं असतं बरं का. एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये, दर दहा पावलांवर कोणीतरी माहितीपत्रक हातात देतं, मशीनचा आवाज चालूच. त्यात आदल्या रात्री ट्रेनमध्ये कोणाची धड झोप झालेली नव्हती.

सहा वाजता मी टाळी वाजवली. "चला, आज तुम्हाला अख्खी मुंबई दाखवतो!"

लोकलनं दादर. तिथून टॅक्सी करून सिद्धिविनायक, रांगेत उभे. मग हाजी अली, मग मरीन ड्राईव्हवर पाच मिनिटं फोटोपुरते, मग गेटवे. गेटवेला पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. मी उत्साहात माहिती सांगत होतो. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी १९११ मध्ये इथे उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान, ती पुरी व्हायला १९२४ उजाडलं, वगैरे. मागे वळून बघतो तर मामा एका कठड्यावर बसलेले. चपला काढून ठेवलेल्या, पाय सुजलेले. ताई फोन हातात घेऊन एका बाजूला उभी. घरी दोन लहान मुलं, ती झोपायच्या आत बोलायचं म्हणून संध्याकाळपासून निवांत मिनिट शोधत होती. मुलं झोपून गेली होती. पोरगा तेवढा सेल्फी काढत होता.

मी विचारलं, "काय मामा, कशी वाटली मुंबई?"

"लई भारी, मालक."

आणि मी ते खरं मानलं!

जेवायला अकरा वाजले, हॉटेलवर पोचायला साडेबारा.

पिशवी हॉटेलवरच राहिली

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मशीनचा डेमो ठरलेला होता. ट्रिपचं मुख्य काम तेच. सगळ्यांना उठायला उशीर झाला. धावपळ करून, नाश्ता न करता पोचलो. समोरच्या माणसानं त्याच्याकडची सुकी हळद पावडर हॉपरमध्ये ओतली आणि मशीन सुरू केलं. खटाखट पाउच पडायला लागले, वजन बरोबर, सील पक्कं. मी खूश. बाजूला वळून बघितलं तर मामा प्लास्टिकच्या खुर्चीत डुलक्या घेत होते. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला. मी ५० हजार आगाऊ भरले.

परतीच्या गाडीत कल्याण गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "मालक, ती पिशवी तशीच राहिली बघा."

"कुठली पिशवी?"

मामांनी घरून निघताना आमच्या चटणीची दोन किलोची पिशवी बांधून घेतली होती, मशीनमध्ये टाकून बघायला. सकाळच्या गडबडीत ती हॉटेलच्या खोलीतच राहिली. बॅगा घ्यायला परत गेलो तेव्हा मिळाली, पण तोपर्यंत पैसे देऊन झाले होते.

मी विचारलं, "अहो, मग टॅक्सीत का नाही सांगितलंत?"

"तुम्ही घाईत होता."

जे व्हायचं तेच झालं. त्या मशीनमध्ये आतला स्क्रू फिरून माल खाली ढकलतो. सुक्या पावडरीला ते उत्तम. आमच्या चटणीत तेल आणि लसणाचा ओलावा, ती हॉपरच्या भिंतीला चिकटून बसायची. मधोमध भोक पडायचं आणि माल खाली उतरायचाच नाही. मशीन वाईट नव्हतं, आमच्या चटणीसाठी ते नव्हतं. हळद-मिरचीपुरतं ते चाललं, पण ज्या चटणीसाठी एवढा खटाटोप केला, ती पुढचं दीड वर्ष हातानंच भरावी लागली.

एक साधा नियम इथेच लिहून घ्या: कुठलंही मशीन बघायला जाताना स्वतःचा माल बरोबर न्या, आणि डेमो स्वतःच्याच मालावर घ्या. हा नियम मामांना माहीत होता. म्हणून तर त्यांना नेलं होतं! पण ज्या माणसाच्या नजरेसाठी त्याला नेलं, त्याच माणसाला मी आदल्या रात्री साडेबारापर्यंत फिरवून थकवलं.

मालकाचं आमंत्रण म्हणजे हुकूमच असतो

पुढच्या वर्षी परत मुंबईला जायचं होतं. मामा म्हणाले, "मी नाही येत मालक, पोराला न्या." मला वाईट वाटलं. मी म्हटलं, मागच्या वेळी एवढी मुंबई दाखवली की तुम्हाला! ते म्हणाले, "दाखवली खरी. पण मला पाय दुखत होते एवढंच आठवतंय."

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात शिरली. मित्र जेव्हा म्हणतो "चल फिरायला", तेव्हा आपण म्हणू शकतो, "नको रे, दमलोय." मालक जेव्हा म्हणतो "चला फिरायला", तेव्हा समोरचा "नको" म्हणू शकत नाही. तुम्ही कितीही प्रेमानं म्हणा, त्याच्या कानाला तो हुकूमच ऐकू येतो. तो चपला घालतो, हसतो, फोटोला उभा राहतो आणि "लई भारी" म्हणतो. तुम्हाला वाटतं आपण माणसांना खूश केलं. त्यांच्या हिशेबात ती ड्युटीच असते, आणि तीही बिनपगारी!

म्हणून टीमबरोबर फिरायचं असेल तर पहिलं काम हे की "नाही" म्हणायची वाट तुम्ही स्वतः मोकळी करून द्यायची. नुसतं "ज्याला यायचं त्याने या" म्हणून भागत नाही, कारण कोणीच मागे राहणार नाही. असं म्हणा: "मामा, तुम्ही आज आराम करा. जेवण खोलीवर मागवा, बिल माझं. मी आणि पोरगा जाऊन येतो." थांबायचा पर्याय तुम्ही आधी मांडला की त्यांना तो घेता येतो.

दुसऱ्या ट्रिपला काय बदललं

मामांना कसंबसं तयार केलं. निघायच्या चार दिवस आधी तिघांना वेगवेगळं विचारलं, "मुंबईत एकच गोष्ट बघायची असेल तर कुठली?" एकत्र विचारलं असतं तर सगळे "तुम्ही न्याल तिकडं" म्हणाले असते.

मामा म्हणाले, समुद्राकाठी निवांत बसायचंय. ताईला बाजारातून साडीवर ब्लाऊजचं कापड घ्यायचं होतं. पोराला व्हीटी स्टेशन रात्रीच्या लाईटमध्ये बघायचं होतं.

गंमत बघा. तिन्ही गोष्टी दक्षिण मुंबईत, एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत, आणि परतीची गाडीही तिथूनच सुटणारी. मग सगळी ट्रिपच उलटी मांडली. पहिली संध्याकाळ पूर्ण मोकळी. सात वाजता जेवण, घरी फोन, झोप. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोक्यानं डेमो, आणि चटणीची पिशवी या वेळी माझ्या स्वतःच्या खांद्याला. दुपारी दोनपर्यंत काम संपवून हॉटेल सोडलं आणि सीएसएमटीला जाऊन बॅगा क्लोकरूममध्ये ठेवल्या. (बॅगेला कुलूप लावून ठेवा, बिनकुलपाची बॅग तिथे घेत नाहीत.)

मग ताई आणि पोरगा मंगलदास मार्केटला गेले. मी आणि मामा एका हॉटेलात चहा घेत बसलो. पाचच्या सुमाराला चौघं टॅक्सीनं मरीन ड्राईव्हला गेलो आणि कट्ट्यावर बसलो. एक तास नुसते बसलो. समोर सूर्य समुद्रात बुडत होता. मामा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मालक, हे पाणी थांबतच नाही की." ताईनं व्हिडिओ कॉल लावून मुलांना समुद्र दाखवला. खर्च किती? टॅक्सी, चहा आणि वडापाव.

नंतर सीएसएमटीसमोर येऊन दिवे लागलेली इमारत पाहिली. १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुकारानं ती बांधली. तिच्या शेजारची महापालिकेची इमारत त्याचीच, आणि चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालयही त्याचंच. पोरगा म्हणाला, "म्हणजे एक काम चांगलं केलं की दुसरं मिळतं." मी काही शिकवलं नव्हतं हं, तो आपणहून बोलला.

आणि डेमो? मामांनी चटणी हॉपरमध्ये स्वतः ओतली, पाच मिनिटं बघितलं आणि मान हलवली. "हे नको मालक, चिकटतंय." दुसऱ्या स्टॉलवर पिस्टननं ढकलणारं मशीन होतं, तिथे चटणी सरळ उतरली. तेच घेतलं.

तुमच्या ट्रिपसाठी सात गोष्टी

१. डोक्याचं काम आधी, फिरणं शेवटी. मशीन निवडणं, भाव ठरवणं, सही करणं, यांच्या आदल्या रात्री फिरणं नको. फिरायला परतीच्या दिवसाची संध्याकाळ ठेवा. काम झाल्यावर माणूस मोकळ्या मनानं बघतो.

२. एक जागा, आणि तिथे बसायला एक तास. मुंबई उत्तर-दक्षिण लांबट शहर आहे. गोरेगाव ते गेटवे हे अंतर तीसेक किलोमीटर. पाच ठिकाणं ठरवलीत तर टीम टॅक्सीची खिडकी बघते, शहर बघत नाही. परतीच्या स्टेशनजवळची जागा निवडा.

३. दिशा आणि वार बघून ठरवा. सूर्यास्त बघायचा तर मरीन ड्राईव्ह, गिरगाव किंवा जुहू. गेटवेचं तोंड पूर्वेच्या बंदराकडे आहे, तिथे सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क सोमवारी बंद, भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. बहुतेक घाऊक बाजार रविवारी बंद, म्हणून खरेदी रविवारवर टाकू नका. घारापुरीला लाँचनं जायलाच तासभर लागतो, शिवाय वर पायऱ्या चढायच्या असतात. थकलेल्या टीमला तिथे न्यायचं तर पूर्ण दिवस वेगळा काढा.

४. लोकलचं गणित समजून घ्या. सकाळी गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट-सीएसएमटीकडे जाते, संध्याकाळी उलटी उत्तरेकडे येते. बॅगा घेऊन त्या गर्दीत शिरू नका. टीममध्ये महिला असेल आणि ती लेडीज डब्यात बसणार असेल, तर कुठल्या स्टेशनला उतरायचं, त्याच्या आधीचं स्टेशन कुठलं आणि उतरल्यावर कुठे भेटायचं, हे चढायच्या आधी सांगा. "फोन करतो" यावर विसंबू नका, गर्दीत फोन ऐकू येत नाही.

५. पोट, पाय, औषधं आणि फोन. कोणाला बीपीची गोळी जेवणानंतर घ्यायची असते, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला ठरावीक वेळी घरी फोन करायचा असतो. ही माणसं स्वतःहून सांगणार नाहीत, तुम्हालाच विचारावं लागेल. महिला बरोबर असतील तर स्वच्छ टॉयलेट कुठे आहे, हे त्यांनी विचारायच्या आधी तुम्हाला माहीत हवं.

६. पैशांचं आधीच बोला. जेवण, प्रवास, तिकिटं कंपनीची, हे निघतानाच सांगा. नाहीतर माणूस भूक असूनही फक्त चहा मागतो. जमलं तर प्रत्येकाच्या हातात थोडी रक्कम द्या आणि हिशेब मागू नका. पोरांसाठी काहीतरी घेऊन घरी गेलेला माणूस ती ट्रिप विसरत नाही. तुमच्या वहीत मात्र हा खर्च वेगळा लिहा, कामाच्या खर्चात मिसळू नका.

७. फिरताना क्लास घेऊ नका. आपल्याला सवय असते, प्रत्येक दुकानाकडे बोट दाखवून "बघा, यांचं पॅकिंग कसं आहे!" म्हणायची. नका म्हणू. त्या तासात तुम्ही मालक नाही आणि मी ट्रेनर नाही. कामाचं काय सुचलं ते गाडीत बसल्यावर लिहून काढू.

यातली एखादी गोष्ट जमली नाही तरी चालेल. वेळ कमी असेल, पैसे कमी असतील, तर फिरवू नका, सरळ सांगा. "यावेळी काम एवढंच, आज सगळे लवकर झोपू," हे ऐकून कोणाचा हिरमोड होत नाही. उलट सुटकेचा नि:श्वास ऐकू येतो.

आणि घरी परतल्यावरचा दिवस? रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला सकाळी नऊला युनिटवर बोलवू नका. अर्धा दिवस सुट्टी द्या. ती फुकट जात नाही. दमलेला माणूस मशीनवर उभा राहिला तर हात मशीनमध्ये जातो, एवढं लक्षात ठेवा.

आजचा गृहपाठ

तुमच्या पुढच्या ट्रिपची तारीख ठरली असेल तर आजच दोन गोष्टी करा. एक, सोबत येणाऱ्या प्रत्येकाला एकट्यात विचारा, "तुला काय बघायचंय, आणि काही नको असेल तर तेही सांग." दोन, डायरीत लिहा की या माणसाला मी नक्की कशासाठी नेतोय. त्याची नजर हवीय, हात हवाय की अनुभव? मग त्या गोष्टीला जपेल असा दिवस आखा.

मामा नंतर माझ्याबरोबर आणखी तीनदा मुंबईला आले. दर वेळी पिशवी बांधून. आणि दर वेळी निघताना विचारायचे, "मालक, कट्ट्यावर बसायचं न्हवं?"

चला तर मग, पुढच्या व्हिडिओत भेटू. काम करा, माणसं जपा!